पहिल्या पानावरचा चेहरा

आमच्या नगरच्या पेपरात कॉम्प्युटर आला, त्या दिवशी संपादकांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, सगळ्यांना पेढे दिले. मी तिथे प्रूफं तपासायचे. मला वाटलं, चला, आता चुका कमी होतील. कसलं काय! पूर्वी फोटो छापायचा जस्ताचा ब्लॉक पुण्याहून बनून एसटीनं यायचा, तोवर चारजण विचारायचे, अरे, हा माणूस नक्की कोण? आता स्कॅनरखाली फोटो सरकवला की झालं.

आमचा ऑपरेटर स्वतःला फार शहाणा समजायचा. कॉम्प्युटरात फोटो ठेवताना नावाला इंग्रजी आठच अक्षरं बसायची. मग हा आडनाव आणि एक आद्याक्षर ठेवून वडिलांचं नाव, गाव, सगळं उडवून द्यायचा. अहो, आपल्याकडे एकेका आडनावाची गावंच्या गावं आहेत!

खर्ड्याकडच्या एका गुरुजींना आदर्श शिक्षक म्हणून पुरस्कार मिळाला होता. त्यांचा शाल पांघरलेला फोटो असाच आत जाऊन बसला. पुढे संगमनेरकडे एका वसतिगृहाच्या अधीक्षकाला मुलींच्या अंगचटीला गेला म्हणून पकडलं. नाव तेच, आडनाव तेच. ऑपरेटरनं आठ अक्षरं मारली आणि गुरुजी निघाले. पहिल्या पानावर, चांगले ठसठशीत. शाल तेवढी कापली, गुन्हेगाराला शोभत नाही म्हणून! माझ्याकडे आलेल्या प्रुफात फोटोच्या जागी नुसती रिकामी चौकट होती. बातमीत गाव वेगळं होतं, पण गाव कोण वाचतो? लोक चेहरा बघतात.

गुरुजी जामखेडच्या एसटीनं आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात आमचा पेपर. संपादकांसमोर उभे राहूनच बोलले, "साहेब, माझा फोटो परत छापा. त्याच जागी, तेवढाच. खाली लिहा, तो मी नव्हे."

संपादक गोड हसले. "गुरुजी, परत छापला तर लोकांना उगाच आठवण होईल. तुमच्या भल्याचंच सांगतोय."

"आईबाप माझ्या वर्गातून पोरींना उठवून नेतायत हो," असं म्हणून तो पिकल्या केसांचा माणूस सगळ्यांसमोर रडायला लागला. ऑपरेटर खिदळला, "मास्तरांची हौस बघा, परत पहिलं पान पाहिजे!" मी म्हणाले, "तोंड सांभाळ मेल्या!" तर संपादकांनी मलाच बाहेर घालवलं.

आतल्या पानात राशिभविष्याखाली दोन ओळी आल्या. चुकीचं छायाचित्र प्रसिद्ध झालं, दिलगीर आहोत. कोणाचं, कुठल्या बातमीत, काही नाही. गुरुजी परत आले, परत परत आले. संपादक दाराला आतून कडी लावायला लागले. मग गुरुजी यायचे थांबले.

वर्ष सरायच्या आत त्यांची बायको आली. "मालक गेले," म्हणाली. "शाळेनं घरी बसवलं, तवापास्नं अन्नच सोडलं त्यांनी." तिला श्रद्धांजली छापायची होती. मी फोटो मागितला. "फोटु तुमच्याकडंच हाय की. त्यो एकच चांगला हुता, तुमी परत दिलाच न्हाई."

संपादकांना एकदम माणुसकीचा उमाळा आला. म्हणाले, "फुकट छापू. पहिल्या पानावर घ्या." म्हणजे गुरुजींना हवं होतं ते अखेर मिळालं. तीच जागा, तेवढाच फोटो. शालसुद्धा राहू दिली या वेळी.

सकाळी ऑफिस उघडतंय तोच फोन वाजला. त्यांच्याच गावचा माणूस.

"मेला का त्यो? लई ब्येस झालं. माझी पोरगी हुती त्याच्या वर्गात."

मी किंचाळलेच, "अहो, गुरुजींनी काही केलं नव्हतं! दुसराच माणूस होता तो! फोटो आमचा चुकला होता!"

तो मलाच समजावत म्हणाला, "जाऊ द्या बाई, मेलेल्या मान्साचं कशाला झाकताय? तुमच्याच पेपरात आल्तं की."