हेलसिंकी ते लिस्बन, तीन तास

तीस वर्षं रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर बसलेल्या बाईला प्रवासाचा वेळ कुणी शिकवू नये. पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा करायची, संपलं. गेल्या दिवाळीआधी इथे दक्षिणेत, वेस्ट मांबलमच्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून मी मोबाइलवर तेच केलं. हेलसिंकीहून विमान दुपारी चारला सुटतं, लिस्बनला सातला पोचतं. म्हणजे तीन तास. इथून विमानानं दिल्लीला जाण्याइतकं.

मुलगा हेलसिंकीत असतो, मुलगी लिस्बनला. त्यांचे वडील गेल्यापासून दोघं एकमेकांशी बोलायची ती माझ्यामार्फत. 'आई, त्याला सांग', 'आई, तिला विचार.' उद्या मी नसले तर या दोघांचं बोलणंच संपेल, या धास्तीनं मला झोप लागेना. आणि भाऊबीजेला भावानं बहिणीच्या घरी जायचं असतं. ठरलं.

मुलाला सांगितलं, ताई तुझ्यासाठी अनारसे करतेय. मुलीला सांगितलं, त्यानं तिकीट काढलंय. दोन्ही साफ खोटं, पण आवाजात असा काही कंप आणला की मराठीचा गंध नसलेल्या शेजारच्या तमिळ मामीही दारात उभ्या राहून डोळे टिपू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला.

"आई, पाच तास लागतात. तिथलं घड्याळ दोन तास मागे असतं. साडेतीन हजार किलोमीटर आहे ते."

"वजाबाकी तर तीनच येते."

"तुझ्या रेल्वेला एकच घड्याळ असतं गं."

खिडकीवर भांडणारे शेकडो प्रवासी मी गप्प केले होते. यानं मला केलं. मग सावरून विचारलं, परत येताना कसं? म्हणाला, तुझ्या हिशोबानं येताना सात तास लागतील. "मग येऊच नकोस लवकर," मी म्हटलं, "राहा तिकडे चार दिवस." तो हसला. त्याचं हसणं मी फार दिवसांनी ऐकलं. तिकीट त्यानं खरंच काढलं.

भाऊबीजेला मी ठेवणीतली कांजीवरम नेसले. ओवाळणं बघायला मामींना शेजारी बसवलं, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. त्यांची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. फोन आला तेव्हा ओवाळून झालेलं होतं. माझ्या थापेला जागून मुलीनं खरोखरच अनारसे करायला घेतले होते आणि ते कढईत विरून पार हसले होते. त्यावरून दोघं खिदळत होती.

"ताई, तू सांग आईला."

"तूच सांग, तुझ्यामुळे झालं सगळं."

कुणीच काही सांगितलं नाही. मध्येच वडिलांची कसलीशी आठवण निघाली, मला माहीत नसलेली, आणि पुन्हा हसू फुटलं. मीही हसले, कारण चेहरे छान दिसत होते.

"आई, आम्ही नदीवर फिरायला जातोय. ठेवतो हं."

पडदा काळा झाला. मामींनी तमिळमध्ये विचारलं, मुलं भेटली ना? भेटली, म्हटलं. मग उठा की, दिवा लावायची वेळ झाली, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बसते जरा, परत फोन लावतील कदाचित.

मामीही थोडा वेळ बसल्या. मग त्यांच्या कुकरची शिट्टी झाली आणि त्या गेल्या.