एलुबेआजीची कोंबडी

एलुबेआजीची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तिच्या हातात मुसळ होतं आणि माझ्या पायात एकच चप्पल. दुसरी मी नाम्पेया गावाच्या तोंडाशीच सोडून दिली होती, कारण ती उचलायला थांबलो असतो तर मुसळ टाळक्यात बसलं असतं. आजी माझ्यामागे नेमकी कुठवर धावली याबद्दल मतभेद आहेत. गावचा प्रमुख म्हणतो, आंब्याच्या झाडापर्यंत. मला आठवतं त्याप्रमाणे आम्ही चिल्वा सरोवराला वळसा घातला, मोझांबिकची हद्द ओलांडली, तिथल्या पोलिसांनी आम्हाला सलाम ठोकला आणि आम्ही परत आलो. मला धाप लागली होती. आजीला नव्हती. वय पंचावन्न, उंची माझ्या खांद्याइतकी, अंगावर मांस म्हणाल तर एका माणसाच्या कालवणापुरतं. आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा, एकदा सुरू झाला की शेजारच्या गावातली माणसं पोतं घेऊन निघत.

माझा गुन्हा एवढाच की मी गाडीतून एक फळी उतरवली होती.

मी झोम्बाच्या आहार-संशोधन प्रकल्पाचा ड्रायव्हर. गावोगाव जाऊन पोरांची वजनं, उंची, दंडाचा घेर मोजायचा आणि कोण काय खातं ते लिहायचं, असं ते काम. लिहायचं काम शिकलेल्यांचं, खड्डे चुकवायचं माझं. दोन वर्षांखालच्या पोराला उभं करून मापता येत नाही, म्हणून त्याला लाकडी फळीवर निजवतात. डोक्याशी एक आडवी पाटी, पायाशी सरकती दुसरी. आता ही वस्तू उन्हात नीट पाहिली तर काय दिसतं? शवपेटी. लहान मापाची.

"जित्या लेकरांची मापं घेता होय रे, मेल्यांनो!" आजी ओरडली. "सुताराकडून किती खाल्लेस?"

न्यिरेंदा मॅडम आमच्या मापं घेणाऱ्या. लिलाँग्वेच्या, शहरी, बुटाला माती लागली की चेहरा पडायचा. पण त्या दिवशी त्यांनी डोकं चालवलं. त्या म्हणाल्या, "आजी, आधी तुम्हीच निजून बघा. तुम्ही उठलात तर बाकीचे निजतील."

आजीने मुसळ माझ्याकडे दिलं, अंगावरचं चितेंजेचं कापड कमरेला घट्ट गुंडाळलं आणि आडवी झाली. गुडघ्यापासून पुढचे पाय फळीबाहेर धुळीत. डोळे मिटले, मग एक उघडून विचारलं, "किती भरले?" अख्खं गाव हसलं. उठल्यावर आजीने स्वतःच्या नातीला, दीड वर्षाच्या लिग्नेटला, स्वतःच्या हाताने फळीवर निजवलं. सत्तर सेंटिमीटर.

त्या दिवसापासून आजी आमची झाली. पगार नव्हता. एक निळी टोपी होती आणि दंड मोजायची कागदी पट्टी होती, जिच्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग असतात; हिरवा म्हणजे पोसलेलं, लाल म्हणजे उपाशी. आजीने ती पट्टी गळ्यात घातली आणि गावातल्या सगळ्या दंडांवर तिचं राज्य सुरू झालं. पोरं झालीच, शिवाय शेळ्या. एकदा प्रमुखाच्या पोटालाही लावायला गेली. पट्टी पुरली नाही. आजी म्हणाली, "गावाचा सगळा हिरवा रंग इथे जमलाय." प्रमुख आठवडाभर बोलला नाही.

चौतीस पोरांचे आकडे तिला पाठ होते. लिहिता येत नव्हतं, म्हणून डोक्यात ठेवायची. न्यिरेंदा मॅडम वही उघडायच्या आणि आजी न बघता म्हणायची, "त्रेसष्ट. गेल्या खेपेला बासष्ट. बाई, त्याची आई पुन्हा गरोदर आहे, त्याला सांभाळा."

नाम्पेयासह चार गावांना प्रकल्प दर महिन्याला पीठ द्यायचा. मका, सोयाबीन, थोडं तेल, थोडी साखर. पोरांसाठी त्याची पेज करायची. लिग्नेटची आई जोहान्सबर्गला कामाला गेली ती गेलीच. पोर आजीच्या पाठीवर वाढत होती, आणि दंड लाल पट्ट्यातून पिवळ्यात आला होता तो या पिठामुळे. हे आजीला कुणी सांगायची गरज नव्हती. पट्टी तिच्याच गळ्यात होती.

वर्ष संपत आलं. ऑफिसातून निरोप आला की पुढच्या वर्षी पीठ चारपैकी दोनच गावांना पुरेल. ज्या गावांतली पोरं कमी खातात, त्यांना मिळेल. नोव्हेंबरात प्रत्येक गावातली सहा घरं चिठ्ठ्या टाकून काढायची, तिथे पहाटेपासून चूल विझेपर्यंत बसायचं, आणि एका लहान पोराच्या ताटात पडणारा घास न् घास तराजूवर ठेवायचा.

अडचण एकच, पण ती डोंगराएवढी. आमच्याकडे अंगणात पाहुणा बसला असताना घरात नुसती मक्याच्या पिठाची न्सिमा आणि भोपळ्याचा पाला शिजत नाही. शिजूच शकत नाही. बाई लाजेने मरेल. पाहुणा जेवणार नसला तरी त्याने पातेल्यात पाहिलंय ना? शेजारच्या एका गावात हेच झालं. मासळी निघाली, अंडी निघाली, एका घरात केक निघाला, तो कुठून आला हे देवालाच ठाऊक.

आजीला हे कळलं आणि ती घरोघर फिरली. "मोजणीच्या दिवशी नेहमीचंच शिजवायचं. तूर तर तूर, पाला तर पाला. जिने साहेबांना बघून पाल्यात शेंगदाण्याचं कूट घातलं, तिचं नाक मी त्याच कुटात बुडवीन."

"पण आजी, लाज वाटते हो," एक सून म्हणाली.

"लाज उकडून घाल पोराला जानेवारीत."

पाच घरांत आजी स्वतः चुलीशी पहारा देत बसली. पाच घरांत पाला शिजला. बायका मान खाली घालून वाढत होत्या, जणू त्यांच्यावर चोरी शाबीत झाली होती. आजी मात्र ताठ. सहावी चिठ्ठी तिच्या स्वतःच्या घराची होती.

मी सकाळी गाडी लावली आणि आजीचं अंगण पाहिलं. सारवलेलं. चटई नवी. आजीच्या डोक्यावर निळी टोपी नव्हती, चर्चला जायचा रुमाल होता. आणि तिची एकुलती एक कोंबडी, जी अंगणात माझ्या टायरवर चोच मारायची, ती दिसत नव्हती.

मी हळूच म्हटलं, "आजी, कोंबडी कुठाय?"

"गप बस, ढेरपोट्या."

"आजी, तुम्हीच तर सगळ्यांना..."

"त्यांच्या दारी परकी माणसं बसली होती. माझ्या दारी न्यिरेंदाबाई बसलीय. एक वर्ष तिने माझ्या हाताखाली..." मग तिला कळलं की आपण उलटं बोललो, आणि ती चुलीकडे वळली. "तिच्यापुढे पाला ठेवू? मी?"

दुपारी लिग्नेटच्या ताटलीत कोंबडीची अख्खी तंगडी पडली. तराजूवर चौऱ्याण्णव ग्रॅम. न्यिरेंदा मॅडमनी आजीकडे पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण नियमाप्रमाणे टोकायचं नसतं. त्यांनी आकडा लिहिला आणि गवताच्या कुडाआड मोरीत गेल्या.

तेवढ्यात आजी गाडीमागे आली. हातात केळीचं पान, पानात ती तंगडी.

"खा. लवकर. पोरीला एवढी जात नाही, तिने दोन घास घेतलेत. तू वर्षभर येतोस, माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायला नाहीस."

गावात खायचं नाही, हा ड्रायव्हरला पहिला नियम; मोडला की नोकरी गेली. वर्षभर मी तो पाळला होता. पण ती कोंबडी आजीने माझ्या समोर मोठी केली होती, तिच्या हातात पान होतं, आणि खरं सांगायचं तर वास फार चांगला होता. मी उभ्या उभ्या खाल्ली आणि हाड पानात गुंडाळून परत दिलं, इतकं चोखून की कुत्र्याने तक्रार केली असती. न्यिरेंदा मॅडम परत आल्या तेव्हा ते हाड लिग्नेटच्या ताटलीत होतं. वजन झालं. एकोणीस ग्रॅम. वहीप्रमाणे बाकीचं सगळं लिग्नेटच्या पोटात गेलं.

डिसेंबरात यादी लागली. नाम्पेया नव्हतं. सहा पोरांची सरासरी काढली तेव्हा नाम्पेया रेषेच्या वर गेलं होतं, अगदी थोडं. पत्र मीच गावात नेलं, कारण पत्रं ड्रायव्हरच नेतो.

आजीने माझ्याबरोबर आलेल्या न्यिरेंदा मॅडमना एकच प्रश्न विचारला. "कितीने?"

मॅडमनी सांगितलं. आजीने बोटांवर काहीतरी केलं. मग माझ्याकडे पाहिलं नाही. तिथेच मला कळलं की तिला हिशेब लागला आहे: ते थोडं त्या तंगडीतलंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या गाडीत बसून झोम्बाला आली. प्रकल्पाच्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत खुर्चीवर बसली नाही, जमिनीवर बसली, रुमाल सोडून हातात धरला. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मी खोटं शिजवलं. पाहुण्यांच्या लाजेने. आणि ती तंगडी पोरीने खाल्ली नाही. मी खाल्ली."

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. "आई, यादी लागल्यावर दुसऱ्या गावातूनही तीन जण असंच सांगून गेलेत. कुणी पाहिलं का?"

"नाही."

डॉक्टरांनी दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. "तू होतास ना त्या दिवशी? तुला काही दिसलं?"

मी म्हणालो, "मी गाडीपाशी होतो, सर."

यात एक शब्द खोटा नव्हता. मी गाडीपाशीच होतो.

परतताना आजी पुढच्या सीटवर बसली होती. सरोवराचं पाणी उतरलं होतं, काठावर नुसता चिखल. तो चिखल बघत ती म्हणाली, "बरं केलंस. तुझी चार पोरं आहेत."

मी काही विनोद करायचा प्रयत्न केला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत वाईट विनोद असावा. आता आठवतही नाही.

जानेवारीत मका संपला. मी दोनदा माझ्या घरचं पीठ नेलं. आजीने ते चौतीस पोरांच्या घरी वाटलं, प्रत्येकी एक मूठ, कारण तिला दुसरी पद्धत माहीत नव्हती. मी म्हटलं, "आजी, हे लिग्नेटला आणलंय." ती म्हणाली, "शेजारची पोरं बघत असताना? तिला एकटीला?" लिग्नेटचा दंड पिवळ्यातून लाल पट्ट्यात आला, मग त्याच्याही आत गेला. फेब्रुवारीत पोरीला हगवण लागली. दवाखाना एकवीस किलोमीटर, आणि मधल्या नदीवरचा पूल पावसाने नेलेला.

मी पोचलो तेव्हा सुतार अंगणात बसला होता. त्याला माप हवं होतं. फळी ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद होती.

"साडेशहात्तर," आजी म्हणाली.

अहवाल पुढच्या वर्षी छापून आला. नाम्पेया 'पुरेसा आहार' या रकान्यात आहे. मी अजून त्याच गाडीवर आहे, आणि आजी बाजारात टोमॅटो विकते.