एका हाताची भट्टी

आमचे हे एकतीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरवर होते. आग ह्यांचं ऐकायची. घरात मात्र कोणी ऐकत नाही. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात नाही. तेव्हापासून मुलानं ह्यांना गॅसजवळसुद्धा फिरकू दिलं नाही. ताटातला घासही मीच तोडून द्यायचे. माणूस खंगला हो! दिवसभर खिडकीशी बसून राहायचे.

मग एक दिवस मांस धुरावर शिजवायची लोखंडी भट्टी घेऊन आले. तिच्या बाजूला एक उभा डबा. वरून कोळसा भरायचा, तळाशी पेटवायचा. खालचा जळत गेला की वरचा आपल्याच वजनानं खाली उतरतो.

"सारखी आग ढोसत बसायला नको. एका हाताचं काम आहे," हे म्हणाले.

मुलगा भडकला. "भाजून घ्याल एखाद दिवशी!" दोघांची जुंपली. शेवटी मीच तोड काढली: रविवारी वन्सं जेवायला येणार आहेत, तेव्हा एकदा करून दाखवा. जमलं तर भट्टी राहील, नाहीतर सोमवारी भंगारवाला.

रविवारी सकाळी सातलाच बकऱ्याची मांडी आत गेली. हे मागच्या अंगणात खुर्ची टाकून ड्यूटीवर बसले. अकरापर्यंत सगळं झकास. मग भट्टीवरच्या तापमानाचा काटा उतरायला लागला. एकशे वीस, शंभर, ऐंशी.

"दादा, बाहेरून काही मागवू का?" वन्संनी विचारलंच. जेवण गेलं खड्ड्यात, हा माणूस परत खिडकीशी जाऊन बसेल, ही माझी धास्ती.

"कोळसा संपला असणार," म्हणत मुलगा डब्याचं झाकण उघडायला धावला.

"हात लावू नकोस!" हा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. "वारा घुसला की जाळ तोंडावर येईल. संपला नाही, अडकलाय. थोराड तुकडे भरले, चूक माझी."

डाव्या हातात हातोडी घेऊन हे डबा वरून खाली ठोकत गेले, कान देऊन. वर भरीव, मध्ये भरीव, खाली एकदम पोकळ.

"इथं!" म्हणाले, आणि त्याच्या जरा वर दोन ठोके हाणले. आत धडाधड कोळसा कोसळला. पाच मिनिटांत काटा हलला.

"चढला! अहो, चढला!" मी लाजबिज सोडून ओरडले.

अडीचला मांडी निघाली. सुरी लागलीच नाही, बोट लावलं की मांस सुटत होतं. वन्संचं तोंड प्रथमच बंद, म्हणजे खाण्यात. मुलगा म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी कोळसा मी फोडून देतो."

"अंड्याएवढा. भुगा नको करूस," साहेबांचा हुकूम सुटला.

मी सवयीनं ह्यांच्या ताटाकडे हात नेला. ह्यांनी तो बाजूला सारला, डाव्या हातानं एक घास सुटा केला आणि माझ्या ताटात ठेवला.

"आता तू जेव," म्हणाले.