मार्केट यार्डातली चव आणि शेठचा सोमवार

"शेठ, खरं सांगा. काल काय खाल्लंत?"

"भाकरी आणि दुधी. हिला विचारा."

"आणि फळ?"

"आता शपथ घेऊ का बाई?"

शेजारी उभ्या शेठच्या बायकोने, काकूंनी, होकाराची मान हलवली. घरात फळ नव्हतंच. खराडीला सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या मुलाने फ्रिजला कुलूप घातलं होतं.

माझ्या हातात शेठचा ईसीजी होता. लहरी तंबूसारख्या टोकदार. म्हणजे रक्तात पोटॅशियम वाढलेलं. हा क्षार फळांत भरपूर असतो. चांगली किडनी जादा पोटॅशियम बाहेर टाकते. किडनी निकामी झाली की ते साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. फारच वाढलं तर हृदय थांबतं. आधी दुखत नाही, खुपत नाही.

मी तेव्हा पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये डायलिसिस टेक्निशियन होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. मेहकरहून आलेल्या मुलीला या शहराने काम दिलं, हे मी विसरत नाही. पेशंटवर आवाज चढवायचा नाही, असं ठरवूनच आले होते. शेठनी ते फार दिवस टिकू दिलं नाही.

शेठ मार्केट यार्डात फळांचे आडते. शेतकऱ्याचा माल गाळ्यावर घ्यायचा, भाव काढून विकून द्यायचा. बुधवारी आणि शुक्रवारी त्यांचं डायलिसिस सुरळीत व्हायचं. सोमवारी मात्र हटकून गडबड.

"मध्ये दोन दिवस जातात," डॉक्टर मॅडम म्हणायच्या. "सोमवारी सगळ्यांचंच वाढतं."

खरं होतं. पण शेठचं सगळ्यांच्या वर वाढायचं. वजनही. डायलिसिसचं मशीन रक्त साफ करतं, तसं अंगात साठलेलं पाणीही ओढून घेतं. जादा पाणी थोड्या वेळात ओढलं की बीपी पडतं.

त्या सोमवारीही पडलं. मॅडमनी आधी हृदय सांभाळायला इंजेक्शन दिलं, आम्ही मशीन सुरू केलं, आणि शेवटच्या तासात शेठनी जांभई दिली. आमच्याकडे जांभई वाईट, बीपी पडत असल्याची पहिली खूण. मी पाणी ओढणं थांबवलं, पाय वर केले, सलाईन सोडलं. मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे पडत होते. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने शेठनी डोळे उघडले.

तेवढ्यात उशाचा मोबाईल वाजला. शेठकडून माल घेणारा नेहमीचा फळवाला. काकूंनी सवयीने तो शेठच्या कानाला लावला.

"नको घेऊ ती मोसंबी," शेठ क्षीण आवाजात म्हणाले. "वरचा थर गोड, खालचा आंबट. कलिंगड घे. साखर आहे."

मी सलाईनची नळी धरून तशीच उभी राहिले.

"शेठ, खालचा थर आंबट, हे तुम्हाला कसं कळलं?"

"चव घेतल्याशिवाय कळतं होय?"

"मग फळ खाल्लं नाही म्हणालात ते?"

"खाल्लं कुठे? प्रत्येक लॉटची एक फोड. तो धंदा आहे बाई, खाणं नव्हे."

रविवारी यार्डात सर्वात जास्त माल येतो. किती लॉट, किती फोडी, मी विचारलंच नाही. माझंच बीपी वाढलं असतं.

"फोड चावून थुंकून टाका!" मी ओरडले. ठरवलेलं सगळं विसरून ओरडले.

शेठ पहिल्यांदाच दुखावल्यासारखे दिसले. "शेतकरी समोर उभा असतो. रात्रभर टेम्पोत बसून आलेला. त्याचा माल त्याच्यासमोर थुंकू? उद्या माझ्या गाळ्याला कोण येईल?"

"आणि उद्या तुम्हीच नसलात तर?"

उत्तर काकूंनी दिलं. "या रविवारपासून मी गाळ्यावर येणार. फोड मी खाणार."

"तुला काय कळतं मोसंबीतलं?"

"मला नाही कळत. माझं तोंड तर तुम्हाला कळतं ना? इतकी वर्षं बघताय."

यार्डात लोक हसले म्हणे. पण काकू फोड तोंडात टाकायच्या, शेठ त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि भाव बोलायचे. भाव सहसा चुकला नाही. सोमवारचा ईसीजी हळूहळू माणसात आला, बीपीही टिकू लागलं. काकूंना तेवढी ॲसिडिटी झाली.

तेव्हापासून मी नव्या पेशंटला 'काय खाता' हे नंतर विचारते. आधी विचारते, 'काम काय करता?'