लिमये डॉक्टरांची छोटी सही

प्रयोगशाळेत वीस वर्षं काढली, की बाटल्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. बाटल्यांवर निदान लेबलं तरी असतात!

आमची लॅब चिंचवडच्या एका रंगाच्या कारखान्यात होती. लिमये डॉक्टर तिथले शास्त्रज्ञ आणि मी त्यांचा असिस्टंट. डॉक्टर पुण्याच्या एका साप्ताहिकात ‘शेजारी’ नावाने विनोदी गोष्टी लिहायचे. संपादकालासुद्धा खरं नाव माहीत नव्हतं. मॅनेजरच्या सहीच्या परवानगीशिवाय काही छापलं तर नोकरी जाईल, असा कंपनीचा नियमच होता. पाकिटं मी पोस्टात टाकायचो, म्हणून हे एकट्या मला ठाऊक.

*

आमचे मॅनेजर मोकाशी साहेब रंग वाळला का, ते स्वतःचा अंगठा दाबून बघत. मग तोच अंगठा दिवसभर सगळ्या फायलींवर! डॉक्टरांनी त्यावर गोष्ट लिहिली. साहेबांनी ती कॅंटीनमध्ये मोठ्याने वाचली आणि पोट धरून हसले. “असला माणूस कुठे असतो का हो?”

पान उलटताना त्यांचा अंगठा हिरवागार होता.

*

शिवराम फिटर मावळातला. त्याने ‘शेजारी’ला पकडायचा विडाच उचलला. “ह्यो आपल्या कंपनीतलाच हाय! समद्यांवर संशय हाय माजा.”

“माझ्यावरही?” डॉक्टरांनी घाबरत विचारलं.

“छ्या! तुमी कदी हसता तरी का?”

डॉक्टरांना हे फार लागलं.

*

लॅबच्या वहीत खोडरबर चालत नसे. चूक झाली की एक रेघ मारायची, शेजारी छोटी सही आणि तारीख. पानाखाली तपासणाऱ्याची, म्हणजे मोकाशी साहेबांची, सही. एकदा डॉक्टरांच्या गोष्टीचा कागद पाहिला, तर ‘रुसली’वर रेघ, वर ‘हसली’, शेजारी सही आणि तारीख!

“डॉक्टर, निनावी लेखक खाडाखोडीवर सही करतो का?”

त्यांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला. “अरे, आधीच्या सगळ्या गोष्टी अशाच गेल्यात!”

*

आणि दिवाळी अंकात नेमका त्यातल्याच एका पानाचा फोटो आला. ‘आमच्या अज्ञात लेखकाचं हस्ताक्षर’!

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. डॉक्टर राजीनामा खिशात घालूनच आले. मला तर रडू येत होतं, त्यांच्या तीन मुली अजून शाळेत होत्या. टेबलावर अंक उघडाच होता.

“ही सही मी रोज बघतो, डॉक्टर.”

डॉक्टरांनी राजीनाम्यासाठी खिशात हात घातला.

“चूक झाली तर लॅबचा नियम काय?”

“एक रेघ, सही, तारीख.”

“आणि पानाखाली?”

“तपासणाऱ्याची सही.”

“मग हे पान अर्धवट कसं सोडलंत?”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, फोटोखाली ठसठशीत सही केली, तारीख घातली आणि अंक डॉक्टरांच्या हातात दिला.

बाहेर आल्यावर पाहिलं, तर सहीशेजारी हिरवा अंगठा उमटला होता.