यमुनाकाकूंची अंबाडी

यवतमाळहून आणलेलं मूठभर बी यमुनाकाकूंनी अमेरिकेत, पार्सिपनीत घरामागं पेरलं, आणि शहाऐंशीच्या उन्हाळ्यात अंबाडी कमरेएवढी झाली. मग खाणारे आले. काकू रोज सकाळी भुंगे झटकून साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, पानांवर लसूण-मिरचीचं पाणी मारायच्या. हरणांसाठी नवऱ्याचे घामट बनियन दोरीवर टांगले, कारण माणसाच्या वासाला हरीण बिचकतं.

एवढी राखण बघून शेजाऱ्याला भलताच संशय आला. अंबाडीचं पान दिसतं गांजासारखंच. त्यानं पोलीस बोलावला.

काकूंच्या नवऱ्याच्या, इंजिनियर प्रतापरावांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. "अगं, उपटून टाक ते! माझा जॉब जाईल."

"हरणाले नाई देल्ली, भुंग्याले नाई देल्ली, आता तुमच्या भेवाले देऊ का?" काकू वाफ्यासमोर पदर खोचून उभ्या राहिल्या. एक पान तोडून त्यांनी स्वतः चावलं, दुसरं पोलिसाच्या हातावर ठेवलं. त्यानं भीतभीत कोपरा चावला आणि आंबटपणानं त्याचे डोळेच मिटले. ही डाळीत शिजवायची भाजी आहे, हे प्रतापरावांनी चाचरत सांगितलं. पोलिसानं वही खिशात घातली आणि जाताजाता बनियनांची चौकशी केली. त्याचेही टोमॅटो हरणं खात होती.

पुढल्या साली काकूंनी अंबाडी घरासमोर, थेट रस्त्याच्या कडेला पेरली. बनियनही तिथंच टांगले.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हनू द्या. लपवाले आपुन काय चोरी केली?"