मनाने लिहिलेले वजन

आमच्या बोतेवग्राद शहराच्या बाजारात दोब्री चाकारोव आता भिंतीच्या कडेने चालतो. पूर्वी तो रस्त्याच्या मधून चालायचा. मधमाश्या पाळणारा कुणी दिसला की त्याला अडवून विचारायचा, "काय, बोलतोय ना माझा काटा?" समोरचा फोन काढून दाखवायचा आणि दोब्री आपलेच मूल पहिले आल्यासारखा हसायचा.

हा वजनकाटा त्याने स्वतः बनवला होता. माश्यांच्या पेटीखाली ठेवायची एक चपटी पाटी आणि तिच्यात नखाएवढी चिप. मेंदू आणि रेडिओ दोन्ही त्या चिपमध्येच. पेटीचे वजन ती जवळच्या खोपटात ठेवलेल्या फोनला सांगायची आणि तो फोन मालकाच्या घरी निरोप धाडायचा. हिवाळ्यात पेटी उघडता येत नाही, आतला मध संपत आला की नाही हे वजनावरूनच कळते. डोंगरात पेट्या आणि शहरात घर असलेल्या आम्हा सगळ्यांकडे त्याचे काटे होते. विकताना तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "मी आहे तोवर हा मुका होणार नाही."

दोब्री मूळचा इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातला इंजिनिअर. कारखाना बंद पडल्यावर त्याने टीव्ही दुरुस्त केले, लिफ्ट दुरुस्त केल्या. आमच्या पिढीला लहानपणापासून एकच भीती होती, की सुटा भाग मिळणार नाही. गाडी असो, शेगडी असो, ज्याच्या कपाटात भाग तो निश्चिंत. म्हणून चिप बनवणाऱ्या परदेशी कंपनीने कळवले, की ही चिप आणखी काही वर्षे विकू पण तिच्यासाठी नवे सॉफ्टवेअर काढणार नाही, तेव्हा दोब्रीने त्या वाक्याचा पहिला अर्धा भागच मनावर घेतला. मिळतील तेवढ्या चिपा त्याने विकत घेतल्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत भरून तळघरात रचल्या. खोकी उतरवायला गेचो आला होता. गेचो आमच्या मधमाशीपालक संघाचा अध्यक्ष, जन्मभर बस चालवलेला माणूस.

"इंजिनिअर, मीठ किती घालतोस यात?" त्याने विचारले.

"हस लेका," दोब्री म्हणाला. "सगळ्या जगाच्या चिपा संपतील तेव्हा माझ्याच दारात येशील."

चिपा संपल्या नाहीत. बदलले ते फोन. खोपटांतले जुने फोन दमट हवेने एकेक करून मेले, लोकांनी नवे आणून ठेवले, आणि नव्या फोनांना काट्यांचा आवाज ऐकूच येईना. चिपचा बाकीचा प्रोग्राम दोब्रीचा होता, पण रेडिओची भाषा कंपनीने बांधून, मोहोर लावून दिलेली होती. ती गाठ सोडणे त्याच्या हातात नव्हते. त्याने कंपनीला विचारले. उत्तर सभ्य होते: नवी चिप घ्या. नवी चिप जुन्या बोर्डावर बसत नव्हती. म्हणजे सगळे काटे फेकून नवे करायचे, आणि त्याआधी दारोदार जाऊन सांगायचे की माझा शब्द गेला.

त्याने सांगितले नाही. बिघाड बॅटरीत आहे असे तो आधी म्हणाला. मग म्हणाला, व्यवस्था बदलली आहे, आता निरोप थेट माझ्या कॉम्प्युटरवरून येतील. निरोप येऊ लागले, अगदी पूर्वीसारखे. आम्ही त्याला शाबासकी दिली, त्याच्या ग्लासात फळांची कडक दारू, रकिया, ओतली. तो दर शनिवारी आपला जुना फोन खिशात घालून डोंगर चढतो, प्रत्येक पेटीपाशी उभा राहून वजन वाचतो आणि घरी येऊन ते आम्हाला पाठवतो, हे कुणाला ठाऊक नव्हते. शाबासकी मिळाली की तो ग्लासाकडे बघायचा. आम्हाला तो विनय वाटला.

जानेवारीत डोंगरातल्या राश्कोवो गावाचा रस्ता बर्फाने बंद झाला. तिथे नेदामावशीच्या पेट्या होत्या. नवरा गेल्यापासून माश्या तीच सांभाळायची. खुब्याचे हाड मोडल्यामुळे त्या हिवाळ्यात ती शहरात मुलीकडे राहत होती. वजन उतरले असे दिसले, की फोन करून शेजाऱ्याला साखरेचे गोळे ठेवायला सांगायची. दोब्री अर्ध्या वाटेवरून परत फिरला आणि मागच्या आठवड्यांचा हिशेब लावून त्याने तिची वजने मनाने लिहिली. पुढच्या शनिवारीही तेच. मध्ये थोडे ऊन पडले होते, राणीमाशीने लवकर अंडी घातली होती, माश्या भराभर खात होत्या. कागदावरच्या माश्या मात्र बेताने जेवत राहिल्या.

बर्फ वितळल्यावर शेजाऱ्याने पेट्या उघडल्या. तीन पेट्या गार होत्या, आतल्या माश्या मेलेल्या. त्याने नेदामावशीला कळवले. वजने तर चांगली होती, मग उपासमार कशी असेल? रोगच असणार. ही गोष्ट आमच्यात वाऱ्यासारखी पसरते. तिच्याकडून कुणी पोळ्यांच्या लाकडी चौकटी उसन्या घेईना, तिचा मध कुणी चाखेना. गेचो उघडच म्हणाला, की म्हातारीला आता झेपत नाही, आपल्या माश्यांनाही लागण करील. दोब्रीने तिला सांत्वनाचा फोन केला. फोनवर ती रडली, आणि तो म्हणाला, "होतं असं, मावशी."

दहा फेब्रुवारीला मधमाश्या पाळणाऱ्यांच्या संत हरालांपीचा दिवस. आम्ही मधाच्या बरण्या चर्चमध्ये नेतो, जमिनीवर क्रुसाच्या आकारात मांडतो, प्रत्येकीवर मेणबत्ती लावतो आणि पाद्री आशीर्वाद देतो. नेदामावशी काठी टेकत आली. तिने आपली बरणी ओळीच्या टोकाला ठेवली. गेचोने वाकून आपली बरणी उचलली आणि दुसऱ्या बाजूला नेली. मग आणखी एकाने. मीही माझी थोडी सरकवली. तिच्या बरणीभोवती रिकामी फरशी उरली. तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि बरणी परत घ्यायला हात लांब केला.

"राहू दे ती तिथेच," दोब्री म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की पाद्री थांबला. "रोगबिग काही नव्हता. तिच्या माश्या उपाशी मेल्या. ती वजनं मी मनाने लिहिली होती."

"मनाने म्हणजे?" गेचोने विचारले.

"काटे मुके झालेत. सगळ्यांचेच. उन्हाळ्यापासून मी डोंगर चढून वाचत होतो. तिच्याकडे जाता आलं नाही, तेव्हा बसून लिहिली."

गेचो आपल्या टोपीची कड चाचपत राहिला. आम्हा प्रत्येकाच्या मनात आपापल्या पेट्या उघडत होत्या, आणि तरी मला त्या घटकेला सगळ्यात जड झाले ते माझ्या बरणीपासून तिच्या बरणीपर्यंतचे अंतर. ते मला हाताने मिटवता आले असते. मी हात खिशातच ठेवला.

नेदामावशी त्याच्याकडे वळली. "बाहेर सूर्य बघून दिवस ओळखणारी बाई मी. तू मला आंधळं ठेवलं असतंस तरी चाललं असतं, चाचपडले असते. तू मला खोटं दाखवलंस. आणि वर फोन करून म्हणालास, होतं असं."

"चुकलं, मावशी."

"उद्या वर ये. चौकटी साफ करायच्यात. माझ्यानं वाकवत नाही."

दुसऱ्या दिवशी मुलीच्या गाडीतून ती राश्कोवोला आली. पेट्या उचलायला मलाही बोलावले होते. दोब्री आमच्या आधी येऊन फाटकाबाहेर उभा होता, तिने म्हटल्याशिवाय तो आत आला नाही. तिने त्याला अंगणात खुर्चीवर बसवले आणि पहिली चौकट मला त्याच्या मांडीवर ठेवायला लावली.

उपाशी मेलेली माशी पोळ्याच्या कप्प्यात डोके घालून मरते. शेवटचा थेंब शोधत ती आत शिरते आणि तिथेच राहते. बाहेरून दिसतात ती फक्त मागची टोके, ओळीने, दाट. दोब्रीने चौकट झटकली, पण एकही पडली नाही. ब्रश फिरवला, तर पंख तेवढे तुटून आले. शेवटी तो चिमट्याने एकेक उपसू लागला. याच चिमट्याने त्याने सगळे काटे जोडले होते.

गेचोने रस्त्यावरून हाक मारून विचारले, मदत हवी का. नेदामावशीने मान वळवली नाही.

पहिल्या चौकटीचा एक कोपरा मोकळा झाला तेव्हा दोब्रीने वर पाहिले. तिने हे पुरे म्हणावे, चहाला बोलवावे, निदान शिवी द्यावी, असे काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होते.

"ती राहिली बघ," ती काठीने दाखवत म्हणाली. "तिच्या बाजूची पण."

तो पुन्हा वाकला.